साल्हेरवरची हजेरी

पगारेअण्णा डोंगर चढण्याआधी पायथ्याशी हजेरी घ्यायचे. आम्ही तिघंच असलो तरी. आधी भालेरावचं नाव, मग माझं, आणि शेवटी "पगारे!" असं खणखणीत पुकारून स्वतःच "हजर!" म्हणायचे. पुकारताना ते टाइमकीपर असत, उत्तर देताना कामगार. आवाजसुद्धा बदलायचा.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते खरोखरच टाइमकीपर होते. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर "शिफ्ट जुळली नाय" म्हणत. एकानं दुसऱ्याचं हजेरीचं कार्ड पंच केलेलं सापडलं, की महिनाभर त्या दोघांशी अबोला. जुनी कार्डं ते डोंगरावर आणत. माथ्यावर पोचलं की आपल्या कार्डावर वेळ लिहायची आणि ते तिथल्या देवळात दगडाखाली ठेवायचं. अण्णा सगळ्यांच्या मागून येऊन गोळा करत. "शेवटचा माणूस मी. माझ्यामागं कुणी राहायचं नाय."

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही साल्हेरला गेलो. बागलाणातला आडबाजूचा डोंगर, चढ छातीवर येणारा. अर्ध्यावरच माझं अवसान गळालं. सांगायला लाज वाटते, पण मी माझं कार्ड पुढे निघालेल्या भालेरावच्या हातात कोंबलं आणि वाटेवरच्या गुहेत दडून बसलो. थोड्या वेळानं अण्णा गुहेसमोरून वर गेले. मी श्वास रोखून धरला होता.

भालेरावनं वर दोघांच्याही वेळा लिहिल्या. उतरताना त्याला अण्णा भेटले.

"दुसरा कुठंय?"

"वरच आहे," त्यानं ठोकून दिलं.

मग तो गुहेशी आला आणि आम्ही दोघं धूम खाली सुटलो. वरून अण्णांच्या हाका येत होत्या, माझ्या नावानं.

"हजेरी चाललीय," भालेराव म्हणाला. मी पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

पायथ्याच्या वाडीत आमचे दोन-दोन चहा झाले, तरी अण्णांचा पत्ता नव्हता. ते आले ते दोन तासांनी. शर्ट खांद्यावर फाटलेला, तळवे सोललेले, आवाज पार बसलेला. माझं कार्ड सापडलं होतं, मी नव्हतो. म्हणून त्यांनी कड्याच्या कडेला पालथं पडून, खाली डोकावत, सगळा माथा पालथा घातला होता.

"अण्णा, मी वर गेलोच नव्हतो," मी कसंबसं म्हणालो. आता शिव्या नाहीतर अबोला, काहीही चालणार होतं.

त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, चाचपून पाहिले. मग तिथंच मटकन खाली बसले.

"तुझ्या आईला काय सांगायचं, तेच जुळवत उतरलो रे," ते म्हणाले. "एक शब्द सुचला नाय."