कॅरिअरवरचा शिपाई

आमचे साठीचे सरपंच सलीमआबा तडवी पंचायतीच्या शिपायाला सायकलवर डबलसीट घेऊन फिरत. शिपाई नथू मागे जीव मुठीत धरून बसे, कारण आबांना सायकल जेमतेमच येई.

याचं मूळ एका खलिफाच्या गोष्टीत होतं. मशिदीत मौलवींनी सांगितलं, खलिफा आणि त्यांचा नोकर एकाच उंटावर आळीपाळीनं बसत प्रवासाला निघाले. शहराच्या वेशीशी नेमकी नोकराची बसायची वेळ आली. तेव्हा नोकर उंटावर आणि खलिफा दोरी धरून पायी! लोकांनी गोष्ट ऐकली आणि ते जेवायला गेले. आबांनी मात्र मनावर घेतली. उंट कुठला मिळणार? सायकलवरच भागवलं. चोपड्याच्या वाटेवर दर गावाला बारी बदलायची, एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मागे बसायचं.

"अल्ला माले इचारी, सरपंच व्हता ना तू?" हे त्यांचं पालुपद.

नथू कुरकुरायचा, "आबा, तो उंट नालीमा जात नव्हता!"

एका टंचाईत आबांनी विहिरीवर स्वतःची घागर रोज सगळ्यात शेवटी भरली. गावात भांडणं झाली नाहीत, म्हणून पंचायत समितीनं चोपड्याला सत्कार ठरवला. आबा हरखले. माझ्याकडून इस्त्री नेली, आरसा नेला, शिवाय हार घालून घेताना मान किती वाकवायची तेही विचारलं. मी शाळामास्तर, मला सगळं माहीत असतं असा त्यांचा समज.

सत्काराच्या दिवशी मीही माझ्या सायकलवर सोबत निघालो. चोपड्यात शिरताना चालवायची बारी आबांची निघाली. नथू रडकुंडीला आला. "आबा, आते तरी तुम्ही मांगे बसा!"

"बारी म्हंजे बारी."

पंचायत समितीचे साहेब नवे होते. त्यांनी घामाघूम आबांना शिपाई समजून बाजूला सारलं आणि मागून उतरलेल्या नथूच्या गळ्यात हार घातला. मंडप हसला. साहेब ओशाळून हार काढायला गेले, तर आबांनीच हात धरला. "ऱ्हाऊ द्या साहेब."

परतताना नथू सायकल मारत होता, हारासकट. मी माझ्या सायकलवर शेजारी. विचारलं, "आबा, वाईट वाटलं?"

"वाटनं ना मास्तर. माले बी हार पाह्यजे व्हता." मग म्हणाले, "पन मना घर कोन शे देखाले? बायको गयी, पोरी सासरी. नथूनी माय तर दारमा बशेल व्हई."

म्हातारी खरंच दारात होती. तिनं हार बघितला, कानशिलावर बोटं मोडून लेकाची दृष्ट काढली. मग ओट्यावर टेकलेल्या आबांकडे वळली.

"आबा, हात धोई ल्या. भाकर टाकस."

असं म्हणणारं त्यांच्या घरी कुणी उरलं नव्हतं. आबा उठले आणि हात धुऊन पाटावर जाऊन बसले.