जेवणाऱ्यापुढचं ताट

कापगते सर कुणाकडेही जेवले की स्वतःचं ताट घासून यजमानाच्या हातात द्यायचे. घरच्या बाया संकोचायच्या. सर म्हणायचे, "कोनाचं भांडं कोनाकडे राहाले नाही पायजे, माय."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात एकच संगणक होता, आणि तो गणिताच्या कापगते सरांच्या ताब्यात होता. ते कारध्याहून पूल ओलांडून सायकलने यायचे आणि शिपाई दिवे मालवेपर्यंत संगणकाच्या खोलीत बसायचे. मी त्यांच्या हाताखाली: हंगामी, लग्न ठरलेला आणि अतिशहाणा.

सरांनी धानाच्या उत्पन्नाचे आलेख काढणारा प्रोग्रॅम स्कीम भाषेत लिहिला होता. चित्र काढण्याचं काम मात्र सी भाषेकडे. दोघींची मेमरी कशी सांभाळायची, ते त्यांनी मला पंगतीवरून शिकवलं.

"स्कीम आपलं घर आपच झाडते. ज्याले कोनी धरून नाही, ते फेकते. पन सीकडून आनलेली जागा म्हंजे लग्नाले आनलेली गावची भांडी. तिथवर स्कीमचा झाडू जात नाही. आपनच वापस करा लागते."

"कधी करायची?"

"पंगत उठल्यावर. जेवनाऱ्यापुढचं ताट ओढशील त काय होईन, अबे?"

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरत नसे.

पाहणी समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी मला वाटलं, सर प्रोग्रॅममध्ये सीची भांडी फार उशिरा परत करतात. शाबासकीच्या आशेने, न विचारता, मी पहिल्या आलेखानंतरच परत करण्याची ओळ घातली. दुसरा आलेख त्याच भांड्यात जेवायचा होता, हे ध्यानातच आलं नाही.

समितीपुढे पहिला आलेख झकास आला. दुसऱ्यात धानाऐवजी हसरे चेहरे, बदाम आणि इस्पिक उगवले. मग पडदा गोठला.

"कापगते, हे धान आहे की पत्त्यांचा डाव?" प्राचार्य म्हणाले. "या हंगामी पोराला हात लावू दिलात का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असावं.

"नाही जी. माझीच ओळ चुकली."

आठ दिवसांत खोली सरांकडून काढून माझ्याकडे दिली गेली, आणि मला कायमही केलं. सर किल्ली घेऊन आले.

"सर, मी प्राचार्यांना खरं सांगतो."

"लगन तोंडावर आलं तुझं. गप राय."

"पण तुमची खोली गेली."

सरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "संध्याकाळी जाले एक जागा होती, एवढंच. घरी लवकर गेलो त बोलाले कोन हाय?"

मी लग्नही केलं आणि गप्पही राहिलो. संध्याकाळी मात्र खोली उघडी ठेवायचो. सर यायचे. मला दिवसातून दहादा 'अबे' म्हणणारा तो माणूस चपला बाहेर काढून उंबऱ्याशी थांबायचा आणि विचारायचा,

"येऊ काय, सर?"