मोराचा पिसारा आणि सेव्हचं बटण

कॉम्प्युटरवर माझं बरं चाललं होतं, तेवढ्यात तो सुधारायची मला बुद्धी झाली.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम काटेवाडीच्या घरी बसून करतो. टीममधल्या सगळ्यांचा कोड सेव्ह करताच आपोआप नीटनेटका होई. माझा तेवढा वेडावाकडाच राही. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. एडिटरमध्ये कोड सरळ करणारे दोन फॉर्मॅटर मीच घालून ठेवले होते, आणि ‘यातला कुठला वापरू?’ हा त्याचा प्रश्न मी रोज न वाचता मिटवत होतो. (माझ्या बायकोचे, प्राचीचेही, बरेच प्रश्न मी असेच मिटवतो.) एक निवडला, सेव्ह केलं. सगळ्या ओळी शिस्तीत! मी प्राचीला हाक मारली.

“आता मी कसंही लिहिलं तरी आपोआप सरळ होणार!”

“असलं बटण तुम्हाला स्वतःला नाही का?” ती म्हणाली आणि आत गेली.

त्याच आनंदात मी आईचं काम अंगावर घेतलं. रविवारी वालचंदनगरला साखर कारखान्याच्या आमच्या जुन्या क्वार्टर्समधल्या बायका जमणार होत्या. दारात रांगोळी ठमाबाईंचीच, म्हणजे माझ्या आईचीच, आणि तीही मोराचीच हवी, असा निरोप होता. पण इतक्या वर्षांनी आईला मोराचं पोट तेवढं आठवत होतं. पिसारा ती पार विसरली होती. बिचारी दोन दिवस धड जेवली नव्हती. शेवटी तिनं तेव्हाच्या शेजारणीला, इंदापूरच्या सरूबाईंना, फोन लावला. पिसारा त्यांच्याकडे शाबूत होता!

“वहीत काढ रं,” आई मला म्हणाली.

“वहीत? अगं, स्क्रीनवर मोठं दिसेल!” मी वेबपेजची नवी फाइल उघडली आणि फोन स्पीकरवर टाकला.

“मानंपासनं दोन जागा सोड, मग तीन ठिपकं,” सरूबाई सांगत होत्या.

“व्हय व्हय! आन् त्येच्या खाली येकच!” आईला पुढचं आपसूक आठवू लागलं.

एकेका ठिपक्यासरशी आमची क्वार्टर माझ्या डोळ्यांपुढे येत गेली. दारातला नळ, हवेतला मळीचा वास, रात्रपाळीहून परतणारी माणसं. मोर पुरा झाला. आईनं स्क्रीनवरून हळूच हात फिरवला. मी ऐटीत सेव्ह दाबलं.

सगळे ठिपके एका ओळीत उभे राहिले, डेअरीवर दूध घालायला आल्यासारखे.

“आगं बया! मोर कुठं गेला?”

मी ‘अनडू’ दाबून एक पाऊल मागं घेतलं, मोर आला. सेव्ह केलं, गेला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. (आयुष्यात इतकी पक्की दुरुस्ती मी कधीच केली नव्हती.) ती बंद करावी म्हटलं, तर आता ते सेटिंग सापडेना. पुढच्या खेपेला मोर दिसताच प्राचीनं मोबाइल पुढे करून त्याचा फोटो काढला, आणि भाकरी करपायच्या आत ती परत चुलीशी गेली.

“आई, चुकलं गं माझं.”

पण आई डोळ्याला पदर लावून हसत होती.

“काय झालं गं ठमे?” फोनमधून सरूबाई.

“काय न्हाय. आमचं ह्ये रोज सकाळी माज्या मोरावरनं सायकल काढायचं बग. ह्यानंबी तसंच केलं. आक्षी बापावर गेलाय!”

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखा आहेस, असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. माझी छाती फुगली.

“बापावर कुठला!” सरूबाई म्हणाल्या. “भावजी सायकल काढून निदान ड्युटीवर तरी जायचं!”