अण्णांसाठी मागची सीट

मी फक्त गाडी बघून येणार होतो. हे मी बायकोला तीनदा सांगितलं, आणि तिथेच चुकलो. एकदाच सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता.

लिलावाची जाहिरात मला ऑफिसात सापडली. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसतो. एका गृहस्थाने आपल्या जुळ्यांचे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. मी (सवयीप्रमाणे) कागद बाजूला ठेवले आणि वर्तमानपत्र वाचायला घेतलं. त्यात फोटो होता. साठ वर्षांपूर्वीची इंग्रजी बनावटीची एस्टेट गाडी, नटबोल्टपासून दुरुस्त करून नव्यासारखी केलेली. पुढून साधी गोल डोळ्यांची मोटार, आणि मागे डिकीच्या जागी लाकडी चौकटीची लांबलचक खोली, तिला कपाटासारखी दोन दारं. रविवारी सकाळी लिलाव. मी दोन्ही जुळ्यांना एकच नाव लावलं. गृहस्थाने ते वेळीच पाहिलं म्हणून बरं.

अगदी अशीच गाडी माझ्या वडिलांनी बावीस वर्षं चालवली. म्हणजे ती आमची नव्हती. गाडी डॉक्टरीणबाईंची, आणि अण्णा त्यांचे ड्रायव्हर. पेशंट, त्यांचे नातेवाईक, औषधांची खोकी, एकदा एक आजारी बकरीसुद्धा त्या गाडीतून गेली. आम्ही मात्र नाही. मालकाच्या गाडीत घरच्यांना बसवायचं नाही, असा अण्णांचा नियम होता. तो त्यांना कोणी घालून दिला नव्हता, त्यामुळे कोणाला रद्दही करता येत नव्हता. मी शाळेतून चालत यायचो तेव्हा कधी कधी ती गाडी मागून यायची. अण्णा हॉर्न वाजवायचे नाहीत, माझ्याकडे बघायचेही नाहीत. फक्त वेग कमी करायचे, माझ्या चालण्याइतका. मग पुढच्या वळणापर्यंत आम्ही दोघं बरोबर जायचो, ते आत आणि मी बाहेर.

पुढे डॉक्टरीणबाई गेल्या, गाडी विकली गेली. अण्णा आता एक्याऐंशीचे आहेत. गाडीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पण टीव्हीसमोर सोफ्यावर बसले की त्यांचा डावा पाय आपोआप क्लच दाबत असतो.

तेव्हा माझं ठरलं. गाडी घ्यायची, अण्णांना मागच्या सीटवर साहेबासारखं बसवायचं, आणि आपण चालवायची. पैसे होते. ते नव्या स्वयंपाकघरासाठी ठेवले होते, ही गोष्ट मी त्या आठवड्यात फारशी मनावर घेतली नाही.

गाडी आमच्या इमारतीखाली मावेल का, हा प्रश्न होता. टेप सापडेना, म्हणून मी गाडीच्या मापाच्या दोन चादरी खाली जमिनीवर अंथरल्या आणि लांब उभा राहून बघू लागलो. पहिल्या मजल्यावरचे काका पायात चपला सरकवत धावत आले. कोण गेलं, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. कोणी गेलं नाही, कोणीतरी यायचंय, असं मी सांगितलं. ते वर गेले आणि त्यांनी माझ्या बायकोचं अभिनंदन केलं.

त्यामुळे चादरींपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं बाहेर आलं. बायको शाळेत गणित शिकवते, आरडाओरडा करत नाही. तिने शांतपणे विचारलं की अण्णांना हे माहीत आहे का. नाही म्हटलं. त्यांना विचारून तरी बघ, असं ती म्हणाली. मी म्हटलं, विचारून मजा जाईल. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती उत्तर बरोबर आणि रीत चूक असलेल्या पेपराकडे पाहते.

रविवारी मी अण्णांना घेऊन लिलावाच्या शेडमध्ये गेलो. वाटेत त्यांना कामगिरी समजावून सांगितली. लिलावाआधी तासभर गाडी सगळ्यांना बघता येते. अण्णांनी जाणकारासारखं गाडीभोवती फिरायचं आणि निराशेने मान हलवायची. ते बघून बाकीचे बिचकतील, भाव पडेल, आपलं काम होईल.

"म्हणजे खोटं बोलायचं," अण्णा म्हणाले.

"बोलायचं नाहीच. फक्त मान."

गाडी समोर आली आणि मी माझी शाळेची पिशवी शोधू लागलो (खरंच, खांद्याकडे हात गेला). तोच फिका दुधी रंग, तेच मधासारखं लाकूड. अण्णा मात्र एक नजर टाकून म्हणाले, ही ती नव्हे. मग त्यांनी कामाला सुरुवात केली. टायरकडे बघून मान हलवली, बंपरकडे बघून हलवली. शेजारचे दोघं खरोखर मागे सरकले. मी मनातल्या मनात किल्ली फिरवली.

मग अण्णांनी मागची दारं उघडली. आत डोकं घातलं आणि ते तसेच उभे राहिले. बराच वेळ. नंतर त्यांनी चौकटीवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, सांध्याजवळ थांबत. तिथल्या माणसाने इंजिन चालू केलं तेव्हा अण्णांनी बॉनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मान हलायची थांबली होती. डोळे भरले होते.

एक जाडजूड गृहस्थ हे सगळं बघत होते. त्यांचं चष्म्यांचं मोठं दुकान असल्याचं नंतर कळलं. त्यांनी अण्णांना विचारलं, गाडी कशी आहे?

मी घाईघाईने खोकलो. पण अण्णा त्या माणसाला सगळं सांगू लागले. बावीस वर्षांत या जातीच्या गाडीने एकाही पेशंटला रस्त्यात सोडलं नाही, थंडीत चोक किती ओढायचा, चढावर कुठे कान द्यायचा. ही ज्याने दुरुस्त केली त्याने लाकूड जीव लावून बसवलंय, असंही सांगितलं. भोवती पंधरा-वीस माणसं जमली. मागे सरकलेले दोघंही परत आले.

लिलाव सुरू झाला तेव्हा शेडमधला जो तो हात वर करत होता. तिसऱ्या बोलीला मी ओटा गमावला. पाचव्या बोलीला भिंतीवरची कपाटं गेली. पुढे कशाच्या बळावर हात वर जात होता, मला सांगता येणार नाही. शेवटी मी आणि चष्मेवाले, दोघंच उरलो. मी पुन्हा हात उचलला आणि तो वर जाईना. अण्णांनी मनगट धरलं होतं.

"खाली कर," ते म्हणाले. "सूनबाई चार वर्षं एका मोडक्या ओट्यावर स्वयंपाक करतेय."

"अण्णा, तुम्हाला एकदा मागे बसवायचं होतं."

"मागे?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मागे बसून मी काय करू?"

हातोडी पडली. गाडी चष्मेवाल्यांची झाली.

ते आनंदाने गाडीत जाऊन बसले, आणि पाच मिनिटांनी बाहेर आले. त्यांनी आयुष्यात गिअरची गाडी चालवली नव्हती. त्यांनी अण्णांना विचारलं, गाडी घरापर्यंत नेऊन द्याल का? मी मध्ये पडून वय सांगितलं, लायसन्सचं विचारलं. अण्णांनी खिशातून पाकीट काढलं. लायसन्स होतं, चालू होतं. दर वेळी डॉक्टरच्या तपासणीपासून सगळं करून सूनबाई ते नवं करून आणते, असं कळलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

अण्णांनी सीट एक खाच पुढे घेतली, आरसा बोटाने वळवला आणि गाडी अशी सोडली की चष्मेवाल्यांना ती निघाल्याचं कळलंही नाही. मी मागच्या लाकडी खोलीत, सुट्या भागांच्या खोक्याशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. खिडकीतून फुटपाथ दिसत होता. एके ठिकाणी एक माणूस एकटाच चालला होता. का कोण जाणे, अण्णांनी वेग कमी केला. मला आरशात त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पन्नाशीला आलेल्या कारकुनाने खोक्याआड रडू नये, पण खोकं मोठं होतं.

आमचं स्वयंपाकघर गेल्या महिन्यात नवं झालं. अण्णा आता दर रविवारी चष्मेवाल्यांकडे जातात, त्यांना गिअर शिकवतात आणि गाडी लांब फिरवून आणतात. मीही जातो. गाडी परत आली की ती धुऊन लाकूड पुसायचं काम माझ्याकडे असतं, त्याचे पैसे मी घेत नाही.

परवा चष्मेवाल्यांकडे आलेले एक पाहुणे बाजूला येऊन अण्णांना म्हणाले, तुमचा हा माणूस मेहनती दिसतो, बरेच दिवस आहे का तुमच्याकडे?

"पन्नास वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "पण अजून कोपरे सोडतो."