मास्तरांचा मध आणि सैल पँट

साखर सोडायची असं मास्तरांनी ठरवलं, तेव्हा साखरेला काही वाटलं नाही. वाटलं ते मास्तरांनाच. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुढच्या तपासणीला वजन उतरलं नाही, तर गोड कायमचं बंद." त्या 'कायमचं'नं मास्तरांच्या पोटात गोळा आला (जागा मुबलक होती).

"साखरेऐवजी मध?" त्यांनी चाचरत विचारलं.

"चमचाभर चालेल."

मास्तरांनी त्यातलं 'चालेल' तेवढं घरी आणलं.

मधाची बाटली दुकानाच्या खिडकीत, मशीनशेजारी आली. दुपारचं ऊन तिच्यातून झिरपून खाली सांडायचं आणि गिऱ्हाइकाचा मळका कोटसुद्धा सोनेरी दिसायचा. मास्तर चहात मध घालत, पावावर घालत, अधूनमधून नुसताच चाटत. मग मशीन गुणगुणू लागे, पाय आपोआप हलू लागे आणि मास्तर कुठल्याशा फुललेल्या माळरानावर अलगद तरंगू लागत. अशाच तंद्रीत एका शर्टाला तिसरी बाही लागता लागता राहिली.

आणि तरंगण्याला पुरावा होता! कमरेला काचणारी पँट एके सकाळी चक्क सैल झाली.

"अगं, बघ! बोट जातंय कमरेत. मधाचा गुण!"

मास्तरीणबाई काजं करत होत्या. "बघितलं," दातानं दोरा तोडत त्या म्हणाल्या. "अहो, त्या पँटचं मी काय म्हणते..."

पण मास्तर केव्हाच माळरानावर पोचले होते.

शिंप्यानं स्वतःचं माप घेऊ नये, हा त्यांच्या उस्तादांचा दंडक. त्यामुळे टेप लावायचा प्रश्नच नव्हता. आणि रस्त्यानं जाणाऱ्याची कंबर नुसत्या नजरेनं सांगणाऱ्याला टेप हवी कशाला? पँट आणखी सैल झाली, तसा मास्तरांनी मधही वाढवला.

तपासणीच्या दिवशी ते नवरदेवाच्या ऐटीत वजनकाट्यावर चढले. काटा निघाला आणि थांबायचं नावच घेईना.

"मास्तर, वजन वाढलंय की!"

"काटा बिघडलाय तुमचा. ही पँट बघा!" मास्तरांनी कंबर ओढून दाखवली.

"पँट मी उसवून सैल केली," सोबत आलेल्या मास्तरीणबाई मागून हळूच म्हणाल्या. "दोनदा. बटण तुटून गिऱ्हाइकाच्या चहात पडलं होतं."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही इतके खुशीत होतात... सांगायला माझा धीरच होईना."

डॉक्टरांना हसू आवरेना. बाईंनी रदबदली केली, तेव्हा त्यांनी शेवटची एक संधी दिली. मध चमचाभरच, तोही बाईंच्या हातानं.

घरी आल्यावर मास्तरांनी ती पँट उलटी करून चष्म्यातून निरखली. खोट काढायचीच होती. पण बाईंनी त्याच कापडाची पट्टी अशी बेमालूम जोडली होती, की मास्तरांचं मन नको म्हणत असतानाही भरून आलं.

"पुढच्या तपासणीला वजन उतरवून दाखवतो," ते गहिवरून म्हणाले. "विश्वास आहे ना तुझा?"

"पूर्ण आहे हो."

मास्तर पट्टीवरून मायेनं बोट फिरवत राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पुढच्या वेळी उसवायला सोपं जावं म्हणून बाईंनी आत चांगलं चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं.