दवाखान्यातले मल्लूअण्णा

शुक्रवार पेठेत कुणीही दवाखान्यात निघालं, की आमचे शेजारी मल्लूअण्णा पायात चपला सरकवतात. बोलावणं लागत नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा उद्योग आपणहून गळ्यात बांधून घेतलाय.

तिथं जाऊन ते करतात काय, तर चुगली. पेशंट "दुसरं काही घेत नाही" म्हणाला, की अण्णा मागून सुरू होतात. साहेब, हे गुडघ्याला बिब्बा लावतात, सकाळी कोरफड खातात, शिवाय मेव्हण्यानं अक्कलकोटहून आणलेला काढा पितात. तोच माणूस पेठेतल्या वैद्यांकडे गेला, तर तिथं अण्णा त्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या टेबलावर मांडतात. म्हणणं एकच, "दोनी चालू द्या की. पर दोघास्नी म्हाईत पायजे."

निम्मी पेठ त्यांचा डोळा चुकवून दवाखाना गाठते. समोरच्या वहिनी तर तपासून घ्यायला जाताना हातात भाजीची पिशवी धरतात.

परवा मी आईला घेऊन सात रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे निघालो. तिला शुगर आहे. गोळ्या वेळेवर घेऊनही दुपारी तिला दरदरून घाम फुटायचा, आणि आदल्या दिवशी तर ती ओट्यापाशीच कोसळली होती. माझं धाबं दणाणलं होतं. अण्णा अर्थातच आमच्या आधी रिक्षात जाऊन बसले.

आणखी काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. आईनं नाही म्हणून मान हलवली. अण्णांनी तिला वैद्यांच्या दारात पाहिलं होतं; ते त्यांनी सांगून टाकलं. मग हळूहळू बाहेर आलं: वैद्यांची पूड, वर रोज कारल्याचा रस. मलाही पत्ता नव्हता. डॉक्टर रागावले नाहीत. सगळं मिळून साखर फार उतरतेय, म्हणाले. गोळी कमी केली, पूड आणि रस तूर्त थांबवला, वैद्यांचं पथ्य आणि चालणं मात्र चालू ठेवायला सांगितलं.

परतताना आई धुमसत होती. शेवटी बोललीच, "सवताच्या घरात कुणी न्हाई, म्हणून लोकांच्या घरात नाक खुपसता व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांची बायको गेली होती.

"खरं हाय, अक्का," अण्णा म्हणाले. "आमची ही बी चोरून कायतरी घ्यायची. मी असल्या औषधाला लई हसायचो. म्हणून मला सांगितलं न्हाई, डॉक्टरला बी न्हाई. काय घेत हुती, ते मला अजून ठावं न्हाई."

रिक्षा पेठेत शिरल्यावर आईनं त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "उद्या वैद्यांकडं जायचंय. येताय न्हवं?"