पेन्सिलीतला भूगोल

आमच्या शेजारच्या सुनंदाताई एकच वेळापत्रक रोज दोनदा लिहितात. सकाळी पेन्सिलीने, मुलीला काय शिकवायचं ते. संध्याकाळी ते खोडून पेनाने, खरोखर काय झालं ते. कागद फ्रीजवर आंब्याच्या आकाराच्या लोहचुंबकाने लावलेला असतो.

मी सावेडीतला निवृत्त मास्तर, जन्म घंटेवर गेलेला. ही बाई मुक्ताला शाळेत न घालता घरीच शिकवते म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"आज भूगोल होता ना?"

"पेन्सिलीत होता, सर."

गवंडी फरशी बसवायला आला, म्हणून भूगोल गेला. दहा वर्षांची मुक्ता दिवसभर त्याच्यासोबत मापं घेत बसली. संध्याकाळी भूगोलाच्या चौकटीत पेनाने 'फरशी'. मी कपाळावर हात मारला.

ताईंचे सासरे श्रीगोंद्याचे, ऊसवाले. मागच्या महिन्यात ते मुक्कामाला आले आणि मला पंच म्हणून बोलावलं. "आज पोरीची परीक्षा. आलं तर ठीक, न्हाईतर जूनला शाळा." ताईंनी आठवडाभर पाढे घोकून घेतले होते, तेही आयुष्यात पहिल्यांदा सकाळीच पेनाने लिहून.

आजोबांनी पाढे विचारलेच नाहीत. "एक गुंठा म्हंजी केवढा, दाव."

ताईंचा चेहरा उतरला. मुक्ताने मात्र गाठी मारलेली दोरी काढली आणि आम्हाला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. तीन, चार, पाच फुटांनी काटकोन धरला, तेहतीस फुटांचा चौकोन आखला, चार खुंट्या ठोकल्या. आजोबांनी शेतकऱ्याच्या पावलांनी चारही बाजू मोजल्या. शेवटचं पाऊल बरोबर खुंटीशी पडलं.

"लई बेस. कवा शिकिवलंस, सुनबाई?"

"मी न्हाई, मामा. दोरी बी, गुंठा बी गवंड्यानं. भूगोल बुडाला हुता त्या दिवशी."

मी लाज सोडून टाळ्या वाजवल्या.

घरी येताच आजोबा म्हणाले, "आता माझा बी एक तास टाक. आन पेनानं."

जागा कुठे होती? ताईंनी शेवटच्या चौकटीवरचं आंब्याचं लोहचुंबक बाजूला केलं. ते तिथून हललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खाली पेन्सिलीत लिहिलं होतं, 'शाळेत घालू का?'

"हे रोज?" मी विचारलं.

"रोज, सर. तीन वर्सं झाली. कुनाला इचारनार?"

या बाईला मी बेफिकीर समजत होतो. मला वाईट वाटलं.

ताईंनी ते खोडलं, नीट फुंकर मारली आणि पेनाने लिहिलं, 'आजोबा.'